माझा मुतखडा आणि वॉर्डातला माठ

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि पेन्सिलीच्या टोकानं एक डाग दाखवला. "हा तुमचा हिवताप," त्या म्हणाल्या.

मला त्या फोटोत फासळ्या दिसत होत्या, मणके दिसत होते आणि डाव्या बाजूला चिंचोक्याएवढं काहीतरी पांढरं. त्याला डॉक्टर स्टोन म्हणतात, आपण मुतखडा म्हणतो. तो युरेटरच्या तोंडाशी अडकला होता. युरेटर म्हणजे किडनीतून लघवी खाली मूत्राशयात आणणारी बारीक नळी. खड्यानं वाट अडवली, वर लघवी तुंबली आणि त्या तुंबलेल्या लघवीत बॅक्टेरिया, म्हणजे जंतू, माजले. ताप त्यांचा होता. डासाचा त्यात काडीचा संबंध नव्हता, आणि मी मात्र पावसाळाभर क्विनाइन खाऊन कान बधिर करून घेतले होते.

"किडनीत पू झाला आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधानं आटोक्यात आला, तर खडा काढू आणि किडनी ठेवू. नाही आला, तर किडनीच काढावी लागेल. आणि तेवढी सवड जंतूंनी दिली नाही, तर..."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. मी शाळेत शिकवते, अपुरी वाक्यं पुरी करणं हे माझं रोजचं काम आहे. ते वाक्य मी मनातल्या मनात पुरं केलं आणि पदराचं टोक तोंडात धरून बसले. शेजारी माझी सासू होती. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. तिला फोटोतलं काही कळलं नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं. तिनं माझा हात धरला आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पोरगी वाचते ना, बाई?"

"वाचवायचीच आहे," त्या म्हणाल्या.

हे सगळं मी आज लिहिते आहे ते माझं दुखणं उगाळायला नाही. आमच्या देवळीत मागच्या दोन वर्षांत तीन बाया मला विचारायला आल्या, त्यांनाही तेच होतं आणि त्यांनाही कोणीतरी हिवतापच सांगितला होता. त्यांना जे तोंडानं सांगितलं तेच कागदावर सांगते.

सुरुवात कमरेतून झाली. डाव्या कुशीत कळ यायची ती थेट खाली जांघेत उतरायची. सोप्या शब्दात सांगायचं तर पहिल्या बाळंतपणात इतकी ओरडले नव्हते. मग कळ थांबायची आणि मी वर्गात जाऊन पाढे म्हणून घ्यायची, जसं काही झालंच नाही. लघवीला जळजळ होती. ती तर किती वर्षांची, कोणाला सांगायची? मग एका दुपारी वर्गातच हुडहुडी भरली. पोरींनी आपापली दप्तरं माझ्या अंगावर टाकली, बिचाऱ्यांकडे दुसरं काही नव्हतं. त्या वर्षी गावोगाव हिवताप होता, सरकारी माणसं घराघरात फवारा मारत फिरत होती. हुडहुडी भरली म्हणजे हिवताप, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोण कशाला लघवी तपासतो?

ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. शेजारच्या बायांनी कुळथाचं कढण दिलं, कोणी सराट्याचा काढा. एकीनं मरीमायचा नवस सांगितला. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दुसरं वर्ष लागलं होतं. आत्याबाईनं स्वतःच्या हातानं घरातल्या देवांचे टाक नदीत सोडले होते. आता सून तापानं फणफणत होती आणि नवस बोलायला घरात देव नव्हता. तिनं आमच्या ह्यांना एवढंच म्हटलं, "बापू, देव तुवं सोडवला, आता डॉक्टर तं दाखव." हे देवळीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून होते. त्यांनी रजा टाकली, बैलगाडीत गादी घातली आणि मला वर्ध्याला आणलं.

बायांच्या वॉर्डात मला खिडकीजवळची खाट मिळाली. लघवी तपासली तर तिच्यात पूच पू. कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधानं मरतो हे पाहायला कल्चर करायचं ठरलं. कल्चर म्हणजे लघवीतले जंतू मुद्दाम वाढवून बघणं. ते नागपूरला व्हायचं. तेव्हा हे माझ्या लघवीची बाटली बर्फाच्या डब्यात घालून, डबा मांडीवर घेऊन नागपूरच्या पॅसेंजरनं निघाले. समोरच्या शेटजीनं दोनदा विचारलं म्हणे, "मास्टरजी, क्या ले जा रहे हो?" ह्यांनी "दवा है" सांगितलं, तर त्यानं पोटदुखीवर थोडी मागितली. परत आल्यावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा कुशीत कळ असूनही मी हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा आपल्यावर किती जीव टाकतो हे मला त्या डब्यावरून कळलं. तसं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

कल्चरचा निकाल यायला वेळ होता. तोवर सल्फाच्या गोळ्या सुरू झाल्या. मोठ्या पांढऱ्या गोळ्या, सोबत सोड्याचं पाणी. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "या गोळ्यांवर पाणी भरपूर हवं. घटकेघटकेला एक ग्लास. कमी पडलं तर औषधच किडनीत वाळूसारखं साचतं." आणि मला खाटेवरून उठायची मनाई केली. हे कामावर परत गेले, रविवारी येतो म्हणाले. माझ्याजवळ आत्याबाई राहिली.

आता त्या माठाचं सांगते.

वॉर्डाच्या दाराशी लाकडी घडवंचीवर मोठा माठ होता. त्यावर पितळी झाकण, झाकणावर पाणी काढायचं ओगराळं आणि दोन ग्लास. रोग्यासोबत जे माणूस असेल त्यानं उठावं, पाणी घ्यावं, रोग्याला द्यावं. सगळ्याजणी तसंच करत होत्या. आम्ही दोघी करत नव्हतो.

आम्हाला कोणी मना केलं नव्हतं. कोणी "घ्या" असंही म्हटलं नव्हतं. लहानपणी मी ज्या शाळेत शिकले तिथं माठाला हात लावायची मला सोय नव्हती. एखादा मुलगा आठवण झाली तर वरून ओंजळीत पाणी घालायचा, आठवण नाही झाली तर घरी जाऊन प्यायचं. मग तहानच लागेनाशी होते. खरंच होते, अंगाला वळण पडतं. पुढं मी शिक्षिका झाले तरी शाळेतल्या माठाकडे माझे पाय वळले नाहीत, आणि शाळेत बायांना आडोशाला जायला जागा नव्हती, तेव्हा न प्यालेलंच बरं पडायचं. आत्याबाईचा जन्म तर विहिरीपासून दूर भांडं ठेवून, कोणी ओतेल याची वाट पाहण्यात गेला. दीक्षा घेतली तेव्हा ती ताठ मानेनं उभी होती, मी पाहिलं आहे. पण हात त्या एका दिवसात सुधारत नाहीत.

ती घरून आणलेला तांब्या घेऊन आवारातल्या विहिरीवर जायची. तिथं बाजूला उभी राहायची. पाणी ओढणाऱ्या माणसाचं लक्ष गेलं तर तो ओतायचा. कधी तांब्या भरायचा, कधी अर्धाच. तो तांब्या आम्ही दोघी पुरवून पुरवून प्यायचो. नर्सबाईला वाटत होतं, सासू बसली आहे, माठ भरलेला आहे, पाणी चाललंच असेल. डॉक्टरीणबाई विचारायच्या, "पाणी पिता ना?" मी "हो" म्हणायची. पीत तर होतेच की.

मग लघवी कमी झाली. झाली ती लाल. कंबर दोन्ही बाजूंनी भरून आली, उलट्या सुरू झाल्या आणि ताप तर उतरायचं नावच घेईना. नर्सबाईनं भांडं पाहिलं आणि धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना आणलं.

त्यांनी गोळ्या तिथल्या तिथं थांबवल्या. मग आत्याबाईकडे वळल्या. आवाज चढलेला होता. "आजी, मी काय सांगितलं होतं? पाणी का देत नाही सुनेला?"

"देतो ना, बाई," आत्याबाई म्हणाली. "कोणी वाढलं का लगेच देतो."

"कोणी वाढायचं?"

आत्याबाईनं तांब्या पदराखाली घेतला. डॉक्टरीणबाईंनी तांब्याकडे पाहिलं, दाराकडच्या माठाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या खाटेशी बसल्या. मला वाटलं आता त्या नर्सला हाक मारतील, पाणी द्यायला लावतील. त्यांनी तसं केलं नाही.

"आजी," त्या हळू म्हणाल्या, "नर्स एक आणि खाटा इतक्या. रात्रंदिवस हिच्याजवळ तुम्हीच आहात. हिचं पाणी तुमच्याच हातून जायला हवं. उठा. मी इथं बसले आहे."

मी आत्याबाईला म्हणणार होते की राहू द्या. जीभ टाळ्याला चिकटली होती. ती उठली. माठापर्यंत गेली आणि उभी राहिली. वॉर्डातल्या सगळ्या बाया बघत होत्या. तिनं त्यांच्याकडे तोंड केलं, पदर डोक्यावर नीट घेतला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बायांनो, माह्या सुनेच्या जिवावर आलं आहे. मी माठाले हात लावून राह्यली. कोणाले राग आला तं मले बोलजा, तिले बोलू नका."

आणि तिनं झाकण काढलं.

ओगराळ्यानं ग्लास भरताना अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. राहिलेला अर्धा ग्लास तिनं माझ्या तोंडाला लावला आणि मी तो एका दमात प्याले. मला तोवर तहान आहे हेच माहीत नव्हतं. मी दुसरा मागितला, मग तिसरा. मी रडत होते, तीही रडत होती, आणि आमच्या नाकातोंडातून पाणी चाललं होतं. डॉक्टरीणबाई चष्मा पुसत बसल्या होत्या.

पलीकडच्या कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलानं तिच्यासाठी वेगळी सुरई आणली, हेही सांगायला हवं. माझ्या शेजारच्या खाटेवर केळझरच्या एक काकू होत्या, पोटातली गाठ काढून आलेल्या. उशाशी गणपतीचा अंगारा, सकाळ-संध्याकाळ कपाळाला लावायच्या. त्यांची सून दुपारीच गावी गेली होती. त्या बराच वेळ माठाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "अवं माय, उभीच आहे तं मले बी एक ग्लास भरून दे. घसा सुकून राह्यला."

आत्याबाईनं तो ग्लास दोन्ही हातांनी धरून नेला. तो मात्र सांडला नाही.

पुढचे दिवस मी पाण्यावरच काढले. शिरेतून सलाइन, तोंडानं पाणी, बार्लीचं पाणी. आत्याबाई तर चेकाळल्यासारखी झाली होती. मी झोपले तरी उठवून पाजायची. "पी वं, पी. माठ भरून आहे." मी चिडून म्हटलं, "आत्याबाई, किडनीतून वाचेन, पण बुडून मरेन." तर म्हणाली, "मर मंग, पर पेऊन मर." आणि केळझरच्या काकू टाके धरून हसत सुटल्या.

लघवीचा लाल रंग गेला. नागपूरहून कल्चरचा निकाल आला, जंतूचं नाव मोठं होतं, ते मला नीट लिहिता येत नाही. त्याला स्ट्रेप्टोमायसिन लागू पडणार होतं. ती इंजेक्शनं सुरू झाली आणि ताप उतरला. मी उठून बसले, वेणी घातली आणि घरी सोडा म्हणून मागं लागले.

इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण इथंच पुष्कळजण फसतात. ताप उतरला म्हणजे बरं झालं, असं मुतखड्यात नसतं. डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते असं: "औषध लघवीतले जंतू मारतं. खड्याच्या आत जे लपले आहेत त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. औषध थांबलं की ते पुन्हा बाहेर येतात. काही जंतू तर खडा वाढवतातसुद्धा. खडा आत आहे तोवर ताप फक्त दम घ्यायला बसला आहे."

म्हणून ऑपरेशन. त्यासाठी नागपूरहून सर्जन यायचे होते. त्यांनी मला तपासून ह्यांना बाजूला घेतलं. किडनी ठेवता येईल की नाही ते आत पाहिल्यावरच कळेल, असं ते म्हणाले. ह्यांनी ते मला सांगितलं नाही, पण त्या दिवशी स्वतः माझे पाय चेपत बसले, तेव्हा मी ओळखलं.

ऑपरेशनच्या सकाळी मी आत्याबाईच्या पाया पडले. तिनं मला उठवलं आणि म्हणाली, "हात कोणापुढं जोडू ते काही उमजत नाई, पोरी. मी आपली व्हरांड्यात बसतो. तुले माहीत असू दे का मी तिथं आहे." मला टेबलावर घेतलं, नाकावर जाळी ठेवली, तो गोड उग्र वास आला आणि मी मोजायला लागले. सगळा वेळ माझ्या डोक्यात एवढंच होतं की ती बाहेर बसली आहे.

जाग आली तेव्हा कूस आगीसारखी पेटली होती. सर्जन ह्यांना सांगत होते, "खडा निघाला. पूही बराच निघाला. पण किडनी कामाची आहे, ठेवली आहे." ह्यांनी त्यांचे हातच धरले. नंतर नर्सबाईनं तो खडा बशीत घालून दाखवायला आणला. खडबडीत, मळकट. आत्याबाईनं बोटानं उलटापालटा केला. "एवढुशानं इतकं केलं काय," ती म्हणाली, आणि तिथून उठून गेली.

आम्ही देवळीला परतलो. ह्यांनी घरामागं खड्ड्याचा संडास बांधून घेतला, आळीत हसू झालं, मग दोघातिघांनी तसेच बांधले. शाळेत मी हेडमास्तरांना सांगून पोरींसाठी आडोसा करून घेतला. माठातलं पाणी आता माझ्या वर्गातली जी पोर उठेल ती स्वतः घेते, आणि मीही घेते.

तर तुम्हाला माझं सांगणं असं. कुशीतून कळ जांघेत उतरली, जळजळ असली आणि हुडहुडी भरून ताप आला, तर लघवी तपासल्याशिवाय हिवतापाची गोळी गिळू नका. बाईमाणसानं विशेषतः नाही. कढण प्या, काढा प्या, पण डॉक्टरला दाखवून प्या. आणि पाणी प्या.

इथं लेख संपायला हवा होता. पण घरी आल्यावर काही महिन्यांनी एका सकाळी मी आत्याबाईला संडासाच्या भिंतीला हात टेकून उभी असलेली पाहिली. डोळे मिटलेले, ओठ दाताखाली. मला ते तोंड ओळखीचं होतं. ते माझंच होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कायचं?"

"आत्याबाई, कधीपासून जळते?"

"तुवा नवरा जलमला तवापासून," ती म्हणाली. "बाईले असतेच, असं समजली मी."

इतकी वर्षं. दवाखान्यात माझ्या उशाशी बसून, माझं भांडं उचलून, माझ्यासाठी माठाशी उभी राहून ही बाई स्वतः जळत होती आणि एका शब्दानं बोलली नाही. मला तिचा राग आला. इतका राग मला कोणाचा कधी आला नव्हता, कारण इतकी माया मला कोणाची कधी आली नव्हती.

मी तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लघवीत पू निघाला. शिरेतून औषध सोडून फोटो काढले. डॉक्टरीणबाईंनी फोटो खिडकीपाशी नेला आणि या वेळी त्यांची पेन्सिल बराच वेळ हलली नाही. उजवी किडनी कधीच गेलेली होती. खड्यांनी आणि जंतूंनी ती वाळवून टाकली होती, कोणत्या वर्षी ते सांगायला आता कोणी नव्हतं. डावी चांगली होती.

"मंग मी जिती कशी?" आत्याबाईनं विचारलं.

"एकीवर माणूस जगतो, आजी. फक्त तिला तहानलेली ठेवू नका."

औषध झालं, जळजळ गेली. आता आमच्या घरी पाण्याचा मान तिचा आहे. जिनं सत्तर वर्षांत कोणाकडे पाणी मागितलं नाही, कोणी ओतेल तेवढंच प्याली, ती आता ओसरीवर बसून साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारते, "सुमन, पाणी आण वं." तांब्या तिच्या हाताशीच असतो, तरी हाक मारते. मी वह्या तपासत असले तरी हातातलं टाकते आणि उठते.